सोंग कुणाचं, किंमत कुणाची : पठ्ठे बापूरावांच्या एका लावणीबद्दल

(पळसदरी इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



मी दुपारच्या खोपोली लोकलने आलो. कर्जत सोडलं की पहिलंच स्टेशन तुमचं. इथून एक फाटा खोपोलीला जातो आणि मुख्य लाईन घाट चढायला लागते. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. त्यानंतर देशावरून मुंबईला पोटासाठी उतरलेली माणसं, म्हणजे गिरणीत जाणारी, गोदीत जाणारी, हमाली करणारी, मोठ्या संख्येने याच रुळांवरून खाली आली. आणि या माणसांच्या मागोमाग त्यांची करमणूकही उतरली. ढोलकी, तुणतुणं, हलगी, कडं घेऊन तमाशाचे फड मुंबईला यायला लागले. गिरणगावात त्यांचा प्रेक्षक होता, पिला हाऊसच्या बाजूला थेटरं होती.

आज ज्या माणसाबद्दल बोलायचंय तोही घाटावरचाच. पण सुरुवात मी साहेबाच्या देशातून करणार आहे. त्याचं कारण असं की विषय ठरवताना इथल्या एका तरुण मित्राने मला विचारलं, "सर, तुम्ही लावणीवर बोलता, ठीक आहे. पण झिगी स्टारडस्टसारखं काही आपल्याकडे आहे का?" मी त्याला फोनवर म्हटलं, "आहे, आणि त्याच्या साठ-सत्तर वर्षं आधीचं आहे." फोन ठेवला आणि मग मला वाटलं, आपण फार घाईने बोललो. खरंच तसंच आहे का, हे तपासायला पाहिजे. आजचं व्याख्यान म्हणजे तो तपास आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये १९४७ साली डेव्हिड जोन्स नावाचा मुलगा जन्मला. गायक झाला. पण डेव्ही जोन्स नावाचा आणखी एक गायक होता, जो पुढे 'द मंकीज' या बँडमध्ये गाजला, म्हणून याने आपलं नाव बदलून डेव्हिड बोवी ठेवलं. हे पहिलं नाव बदलणं. मग १९७२ साली त्याने एक अख्खी ध्वनिमुद्रिका एका काल्पनिक गायकावर काढली. त्या गायकाचं नाव झिगी स्टारडस्ट. केस लालभडक, चेहऱ्यावर रंग, अंगात चमचमते तंग कपडे, बाई की पुरुष असा प्रश्न पडावा असं रूप. या सगळ्या प्रकाराला तेव्हा ग्लॅम रॉक म्हणायला लागले होते. बोवी नुसतं झिगीबद्दल गात नव्हता, तो झिगी होऊन रंगमंचावर येत होता.

आता त्या ध्वनिमुद्रिकेतलं 'झिगी स्टारडस्ट' हेच गाणं घ्या. त्यात एक गंमत आहे, ती पहिल्यांदा ऐकताना लक्षात येत नाही. हे गाणं झिगी गात नाही. झिगीच्या बँडमधला कुणीतरी गातो आहे. त्याच्या वाजवण्याचं कौतुक करतो, मग कुरकुर करतो, म्हणजे हा फार मोठा झाला, आम्ही मागे पडलो, लोक फक्त याच्याकडे बघतात. आणि शेवटी हा माणूस स्वतःच्याच प्रतिमेत बुडाला आणि बँड मोडला. म्हणजे बघा, डेव्हिड जोन्स नावाचा माणूस, बोवी या नावाने, झिगीचा वेष करून, झिगीच्या साथीदाराच्या तोंडाने, झिगीची तक्रार गातो आहे. तीन-चार पदर आहेत. गाणं ऐकायला सोपं आहे, पण गाणारा नेमका कोण हे विचारलं की गोंधळ उडतो.

हे लक्षात ठेवा. आता आपण साताऱ्याकडे जाऊ.

रेठरे हरणाक्ष. वाळवा तालुका. आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा सातारा जिल्हा होता. तिथे १८६६ साली श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला. ब्राह्मणाचं घर, कुलकर्णपण, थोडं इंग्रजी शिक्षणसुद्धा झालेलं. हा मुलगा तमाशाच्या नादी लागला, गाणी रचायला लागला, फडात गेला. घरचे आणि गावचे लोक काय म्हणाले असतील ते तुम्हीच ओळखा. आणि हा माणूस स्वतःसाठी नाव घेतो, पठ्ठे बापूराव.

या नावाकडे जरा नीट बघू. 'पठ्ठा' हा शब्द कुठला? तालमीतला. वस्ताद म्हणतो, हा माझा पठ्ठा. अंगाने तयार, रग असलेला, समोरच्याला आव्हान देणारा गडी. 'श्रीधर' हे विष्णूचं नाव, 'कुलकर्णी' हे वतनाचं, म्हणजे दप्तर आणि लेखणीचं नाव. त्या दोन्ही नावांना बाजूला सारून हा माणूस शड्डू ठोकणारं नाव घेतो. तुम्ही म्हणाल, कवी टोपणनाव घेतातच. कुसुमाग्रज आहेत, गोविंदाग्रज आहेत. पण टोपणनाव पुस्तकावर छापलेलं असतं, कवी घरी आपल्या नावाने राहतो. बापूरावांचं तसं नाही. त्यांनी नाव घेतलं ते अंगावर घेतलं. पुढे उभ्या महाराष्ट्राला श्रीधर कुलकर्णी कोण हे सांगावं लागतं. पठ्ठे बापूराव कोण हे सांगावं लागत नाही.

आता आपल्या कवितेत एक जुनी रीत आहे, नाममुद्रेची. रचनेच्या शेवटी कवी आपलं नाव गुंफतो. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. लावणीतही ती आहे. अनंत फंदी, राम जोशी, सगळ्यांच्या रचनांत नाव येतं. होनाजी बाळा हे तर दोघांचं मिळून एक नाव, होनाजी गवळी समाजातला आणि बाळा शिंपी, आणि मुद्रा मात्र एकच. म्हणजे गाण्यात स्वतःला तिसऱ्या माणसासारखं उभं करायची सोय आपल्याकडे आधीपासून होती. बोवीला जे नव्याने करावं लागलं, ते शाहिराला परंपरेनेच हातात दिलेलं होतं.

पण संतांच्या मुद्रेत आणि बापूरावांच्या मुद्रेत फरक आहे. 'तुका म्हणे' मध्ये तुकाराम लहान होतो, देवापुढे उभा राहतो. फडावरची मुद्रा मोठी होते. कारण फडात समोर दुसरा फड आहे, सवाल-जवाब आहेत, पैज आहे. तिथे नम्रता कामाची नाही. बापूरावांनी आपण दोन लाख लावण्या रचल्या असं म्हणून ठेवलंय. आता दोन लाख भागिले पन्नास वर्षं, म्हणजे वर्षाला चार हजार, रोजच्या दहा-अकरा! (हशा) हिशोब करणारा माणूस हसेल. पण हा हिशोबाचा आकडा नाहीच. पैलवान जसा मांडीवर हात मारतो तसा तो आकडा आहे. तो आकडा श्रीधर कुलकर्ण्यांचा नाही, पठ्ठे बापूरावांचा आहे. सोंगाने बढाई मारायची असते, तो त्याचा धर्मच आहे.

आता मूळ लावणीकडे येतो. त्यांची मुंबईचं वर्णन करणारी लावणी तुम्हाला माहीत असेल, ती फार प्रसिद्ध आहे. पण मी बोलणार आहे ती दुसरी, ज्यात ते स्वतःचीच गोष्ट सांगतात. तमाशाची आवड असलेल्या घरात ती अनेकांनी ऐकलेली आहे, म्हणून मी ती म्हणत बसत नाही, आशय सांगतो. शाहीर सांगतो की जन्माने मी ब्राह्मण. पण मी माझं सोवळं घडी घालून ठेवलं, हातात तमाशाची मशाल घेतली, आणि लाजेला परागंदा केलं.

एवढंच. तीन कृती आहेत. तिन्ही एकेक करून पाहू, कारण सगळं नाटक त्यातच आहे.

पहिली कृती, सोवळ्याची घडी. कुणी म्हणेल, यात बंड आहे. आहेच. पण बंड करणारा माणूस काय करतो? फाडतो, जाळतो, नदीत सोडतो. इथे शाहीर घडी घालतो. आपल्या घरात कुठल्या कपड्याची घडी घालतात? जो पुन्हा लागणार आहे त्याची. ठेवणीतल्या कपड्याची. मला वाटतं, बापूरावांसारख्या शब्दावर हुकूमत असलेल्या माणसाच्या तोंडून हे चुकून आलेलं नाही. सोवळं गेलेलं नाही, ते कपाटात आहे. आणि ते कपाटात आहे म्हणूनच गाण्यात जोर आहे. आधी अंगावर होतं हे सांगितल्याशिवाय काढून ठेवल्याचं मोल कळत नाही. फडातल्या दुसऱ्या कुणा कलावंताने, ज्याला सोवळं कधी मिळालंच नाही, त्याने ही लावणी म्हटली तर तिला अर्थच उरणार नाही. हे गाणं फक्त एका जातीचा माणूस रचू शकतो. ही त्याची ताकद आहे आणि हीच त्याची अडचण आहे. याकडे मी परत येणार आहे.

दुसरी कृती, मशाल. आज आपल्याला मशाल म्हटलं की क्रांती आठवते, मोर्चा आठवतो, निवडणुकीचं चिन्ह आठवतं. (हशा) ते डोक्यातून काढा. तेव्हा वीज नाही. तमाशा रात्रभर चालायचा तो मशालींच्या उजेडात. मशाल धरणारा हा चाकर माणूस. त्याच्याकडे कुणी बघत नाही, त्याच्या उजेडात दुसऱ्याकडे बघतात. ब्राह्मणाच्या हातात दिवा कुठला? देव्हाऱ्यातलं निरांजन. ते खाली ठेवून हा तेलाने थबथबलेली मशाल उचलतो, आणि ती सुद्धा दुसऱ्याचा चेहरा दिसावा म्हणून. माझ्या मते या लावणीतली ही सर्वांत खरी प्रतिमा आहे. इथे शाहीर बढाई मारत नाही. क्षणभर तो फडातला चाकर होतो.

तिसरी कृती, लाज. गावाने ज्याला बाहेर काढलं त्याच्याबद्दल आपण काय म्हणतो? त्याला गाव सोडावं लागलं, तो परागंदा झाला. प्रत्यक्षात तसं श्रीधर कुलकर्ण्यांचं झालं. लावणीत मात्र बाहेर जाते ती लाज. म्हणजे जी शिक्षा समाजाने याला दिली तीच याने उचलून लाजेला दिली. एका क्रियापदाने आरोपी बदलला. फार हुशार काम आहे हे, आणि ऐकणाऱ्याला त्यात आनंद होतो. गिरणीत काम करणारा, गाव सोडून आलेला, चाळीतल्या खोलीत दहाजणांबरोबर राहणारा माणूस हे ऐकतो तेव्हा त्याला जातीचा प्रश्न सोडा, पण गाव सोडल्याचं शल्य तर आहेच. त्याला वाटतं, वा, आपण नाही गेलो, लाज गेली!

आता मी त्या तरुण मित्राच्या प्रश्नाकडे येतो. नाव घेतलं, वेष घेतला, त्या नावाची गोष्ट गाण्यात सांगितली, आणि लोकांनी ती गोष्ट खरी मानली. इथपर्यंत झिगी आणि बापूराव बरोबर चालतात. फरक पुढे सुरू होतो.

झिगीच्या गाण्यात साथीदार बोलतो, हे मघाशी सांगितलं. सोंग घेणाऱ्याने स्वतःवरची तक्रार स्वतःच लिहून ठेवली. बापूरावांच्या लावणीत असा साथीदार आहे का? नाही. आणि खरं तर असायला हवा होता. तिचं नाव पवळा.

पवळाबाई. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची. महार समाजातली. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली मोठी स्त्री कलावंत असं तिला म्हटलं जातं. त्याआधी बायकांचं काम नाच्या पोऱ्या करायचा. बापूराव आणि पवळा यांची जोडी मुंबईत तुफान चालली. लोक लावणी ऐकायला येत होते, आणि मला शंका नाही की ब्राह्मण शाहीर आणि महार बाई एका बोर्डावर उभे आहेत हे बघायलाही येत होते. म्हणजे कलेबरोबर जातीचं अंतरही तिकिटावर विकलं जात होतं.

आता नाममुद्रा पुन्हा आठवा. स्वतःची कहाणी सांगणारी लावणी शाहिरानेच म्हणायची, ते ठीक. पण शृंगाराच्या लावण्या? त्या बाईच्या तोंडच्या आहेत. बाई गाते, नाचते, रुसते, बोलावते, आणि शेवटच्या कडव्यात नाव कुणाचं येतं? पठ्ठे बापूरावांचं. गळा तिचा, अंग तिचं, घाम तिचा, आणि सही त्याची. मी हे बापूरावांवर आरोप म्हणून सांगत नाही, लावणीची ती रीतच आहे. पण रीत आहे म्हणून ती बघायची नाही असं नाही. समीक्षकाचं काम तिथेच असतं.

लंडनमध्येही असंच काहीसं झालं. ३ जुलै १९७३, हॅमरस्मिथ ओडियन. कार्यक्रमाच्या शेवटी बोवीने रंगमंचावरून जाहीर केलं की हा आमचा शेवटचा कार्यक्रम. त्याने झिगीला संपवलं. पण त्याच्या मागे उभे असलेले बास वाजवणारा ट्रेव्हर बोल्डर आणि ड्रमवाला वुडी वुडमन्सी, या दोघांना ते आधी माहीत नव्हतं. प्रेक्षकांबरोबर त्यांनाही तिथेच कळलं. सोंग घेणाऱ्याने सोंग उतरवलं आणि सोंगाच्या आधाराने उभे असलेले लोक उघडे पडले. गाण्यातल्या साथीदाराची तक्रार एका वर्षात खरी झाली. म्हणून मला ते गाणं मोठं वाटतं. त्याच्या पोटात त्याचाच न्याय आहे.

बापूरावांच्या बाबतीत हा न्याय गाण्यातून आला नाही, बाहेरून आला. महाडच्या सत्याग्रहाच्या काळातली हकिगत आहे. बापूराव बाबासाहेब आंबेडकरांकडे गेले आणि तमाशाचे खेळ करून मिळणारा पैसा चळवळीला देऊ केला. बाबासाहेबांनी तो नाकारला. महार बायकांना नाचवून मिळवलेला पैसा मला नको, असा त्यांच्या नकाराचा आशय होता. इतिहासकार शैलजा पैक यांनी तमाशातल्या स्त्रिया आणि जात यांवर 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' हे पुस्तक लिहिलं, २०२२ साली आलं, त्यात या प्रसंगाची चर्चा आहे. इथे कुणी इंग्रजी वाचणारं असेल तर जरूर वाचावं.

हा प्रसंग मला अनेक वर्षं त्रास देतो. कारण दोन्ही माणसं मला प्रिय आहेत. मी लहानपणापासून बापूरावांचा भक्त. आणि बाबासाहेबांचं म्हणणं खोडता येत नाही. सुरुवातीला मला वाटायचं, नकार जरा कठोर होता, माणूस मदत घेऊन आला होता. मग एक दिवस ती लावणी पुन्हा ऐकताना मला त्या दोन गोष्टींचा संबंध दिसला. लावणीत शाहीर म्हणतो, लाज मी घालवून दिली. ठीक. पण लाज जाते कुठे? ती हवेत विरत नाही. एकाने टाकली की ती दुसऱ्याच्या पदरात पडते. ब्राह्मणाने तमाशात जाऊन लाज टाकली, तर लोक म्हणाले, काय धाडस, काय कलावंत! महार बाईने तेच केलं, त्याच बोर्डावर, त्याच रात्री, तर तिला धाडसी कुणी म्हटलं नाही. तिची जात तिथेच असायची असते असं म्हटलं. त्याच्या अंगावर तमाशा हे सोंग होतं, तिच्या अंगावर तोच तमाशा तिची ओळख मानला गेला. बाबासाहेब याच ठिकाणी बोट ठेवत होते. बापूरावांच्या लावणीत या जागी गप्प बसलंय कुणीतरी.

आपल्याकडे म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पण पैशाचं सोंग आणता येत नाही. मला वाटतं त्यात आणखी एक शब्द घालायला हवा. जातीचं सोंग वरून खाली आणता येतं, खालून वर आणता येत नाही. श्रीधर कुलकर्णी तमाशगीर होऊ शकले. पवळाबाई कुलकर्णीण होऊ शकत नव्हत्या. घडी घालायला त्यांच्याजवळ सोवळंच नव्हतं.

पण, आणि हे मला तितक्याच जोराने सांगायचं आहे, बापूरावांना स्वस्तात सुटका मिळाली असं मुळीच नाही. बोवीने झिगी उतरवला आणि दुसऱ्या सोंगाकडे गेला. नवी नावं, नवे वेष, २०१६ साली गेला तेव्हा जगभर श्रद्धांजली. त्याचं सोंग घरी परत जाऊ शकत होतं. बापूरावांचं नाही. पवळा आणि त्यांची ताटातूट झाली, फडाची रया गेली, आणि २२ डिसेंबर १९४५ ला पुण्यात ते गेले तेव्हा गरिबीत गेले. म्हणीतला पैशाचा भाग त्यांच्या बाबतीत शब्दशः खरा ठरला. घडी घालून ठेवलेलं सोवळं त्यांनी पुन्हा उलगडलं नाही. उलगडलं असतं तरी कुणी नेसू दिलं नसतं. म्हणजे लावणीतल्या पहिल्या कृतीत जी परतीची वाट दिसते, ती आयुष्यात बंद झाली होती. गाण्यापेक्षा माणूस जास्त प्रामाणिक निघाला, असं म्हणायला हरकत नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर १९५० साली राजा नेने यांनी 'पठ्ठे बापूराव' हा चित्रपट काढला. त्याच सुमारास राम जोशी आणि होनाजी यांच्यावरही चित्रपट आले, 'लोकशाहीर राम जोशी' १९४७ चा, 'अमर भूपाळी' १९५१ चा. फडातला शाहीर एकदा मेला की मध्यमवर्गाला तो आवडायला लागतो. (हशा) जिवंतपणी ज्याच्या खेळाला जायला लाजत होतो, त्याच्या आयुष्यावरच्या चित्रपटाला सहकुटुंब जातो. आणि या सगळ्यात नाव शाहिराचं राहतं. पवळाबाईंचं नाव आलं तर त्याच्या गोष्टीतलं एक पात्र म्हणून येतं.

मग माझं मत काय? समीक्षकाने शेवटी मत सांगावं, पळू नये. माझं मत असं की ही लावणी मोठी आहे, पण पूर्ण नाही. मशालीची प्रतिमा तिला मोठं करते. सोवळ्याची घडी तिला प्रामाणिक करते, कारण कवीने आपलं परतीचं वस्त्र लपवलं नाही. आणि लाजेची ओळ तिला अपुरी ठेवते, कारण लाज कुणाच्या दारात गेली हे ती विचारत नाही. 'झिगी स्टारडस्ट' शिल्पाच्या दृष्टीने जास्त शहाणं गाणं आहे, कारण त्यात मागे उभ्या असलेल्यांना आवाज आहे. पण बोवीला त्याची किंमत फारशी मोजावी लागली नाही. बापूरावांनी गाण्यात साथीदाराला जागा दिली नाही, पण स्वतःचं आयुष्य त्या गाण्याखाली तारण ठेवलं, आणि ते सोडवून घेतलं नाही. या दोहोंत श्रेष्ठ कोण हे ठरवायच्या मी भानगडीत पडत नाही. त्या मित्राला मी फोनवर घाईने "आहे" म्हटलं होतं. आज म्हणेन, आहे, पण आपल्याकडे सोंग जास्त महाग पडतं, आणि त्याचे पैसे एकटा सोंगाड्या भरत नाही.



(यानंतर श्रोत्यांनी विचारलेले प्रश्न.)

प्रश्न : सर, मग आम्ही ही लावणी ऐकायची की नाही? तुम्ही एवढं सांगितल्यावर मन जरा खट्टू झालं.

उत्तर : ताई, जरूर ऐकायची. खट्टू होऊन ऐकायची. (हशा) आजही अनेक फड खेळाची सुरुवात बापूरावांच्या गणाने करतात. तो गण म्हणून ज्या बायकांची घरं चालतात त्यांना तुम्ही सांगणार का, की हे म्हणू नका? गाणं टाकून प्रश्न सुटत नाही. फक्त शेवटचं कडवं आलं, नाव आलं, की क्षणभर विचारायचं, गातंय कोण? एवढी सवय लागली तरी पुष्कळ झालं.

प्रश्न : ही तुलना ओढूनताणून केलेली नाही का? बोवी कुठे, तमाशा कुठे.

उत्तर : दादा, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. एकाचा दुसऱ्यावर काहीही परिणाम झालेला नाही, आणि मी तसा दावाही केलेला नाही. पण तुलना सारखेपणा दाखवायलाच करतात असं नाही. त्या इंग्रजी गाण्यात साथीदार बोलतो हे माझ्या लक्षात आलं, म्हणूनच आपल्या लावणीत साथीदार बोलत नाही हे मला ऐकू आलं. तीस वर्षं मी ती लावणी ऐकत होतो, तेव्हा ऐकू आलं नव्हतं. शेजाऱ्याच्या घरात दिवा लागला की आपल्या घरातला अंधार कळतो, तसं समजा.

प्रश्न : आमच्याकडे शिमग्याला सोंगं काढतात. ती पण हीच परंपरा का?

उत्तर : नातं आहे, पण शिमग्याचं सोंग दुसऱ्या दिवशी उतरतं. माणूस अंघोळ करतो आणि कामावर जातो. गावालाही ते मान्य असतं, म्हणून तिथे कुणाची जात जात नाही. बापूरावांचा शिमगा एका रात्रीत संपला नाही, तो पुढे जन्मभर चालला. त्यामुळे मला वाटतं, सोंग किती वेळ टिकतं यावरून त्याची किंमत ठरते. आता मला निघायला हवं, कर्जतची गाडी चुकली तर पुढची लवकर नाही. पुन्हा बोलावलंत तर पवळाबाईंवर स्वतंत्र बोलेन. खरं तर आज त्यांच्यावरच आधी बोलायला हवं होतं.